सहा शब्दांचं कुलूप

पेटीचा भाव ठरेपर्यंत कुणाला कळू द्यायचा नाही, हे देवगडात आंबा करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. पाळणं मात्र कठीण. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते आणि तिथून बोललेलं चार घरं ऐकतात. म्हणून पुण्याच्या पुतण्याने मला सिग्नल नावाच्या निरोपांच्या ॲपवर टाईप करायला लावलं. पाठवणारा आणि घेणारा सोडून मजकूर कुणालाच वाचता येत नाही, सिग्नलवाल्यांनासुद्धा नाही. मी खूश होतो.

गणपतीला आला तेव्हा म्हणाला, "काका, आता मॉली घ्या."

मॉली म्हणजे सिग्नलच्याच खुल्या (कुणीही वाचून वापरावा अशा) कोडवरून बेतलेलं, अँड्रॉइडपुरतं, जास्त कडेकोट ॲप. सर्व्हर सिग्नलचाच, त्यामुळे वाशीच्या दलालाला काही बदलावं लागत नाही. फरक आहे तो घरातल्या घरात. सिग्नलही फोनमधले निरोप कुलपात ठेवतं, पण किल्ली फोनच सांभाळतो. (आमच्या घराची किल्ली तुळशीमागे असते, पोस्टमनलाही ठाऊक आहे, तसंच काहीसं.) मॉलीत किल्ली म्हणजे तुम्हीच ठरवलेले शब्द. कुलूप लागलं की मेमरीत राहिलेलं खरकटंही ते पुसून काढतं.

मग काय, घ्यावं की! पण ते प्ले स्टोअरवर नाही. सिग्नलची दुरुस्ती आधी सिग्नलमध्ये येते, मॉलीत मागाहून. म्हणजे सिग्नलवाल्यांवर विश्वास ठेवायचाच, वर आणखी चार माणसांवर. त्यातही गुगलचे भाग असलेली मॉली वेगळी, नसलेली वेगळी. दोनातून एक निवडायला बसलो तर समोर तीन झाले! बायको म्हणाली, "कोण बघतंय तुमचा फोन?" हे मला जरा लागलं. त्या तिरमिरीतच मॉली घेतली.

"एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द घ्या," पुतण्या म्हणाला. "विसरलात तर जुने निरोप गेले. कुणीही काढून देणार नाही."

मी घेतले: तिरफळ, पागोळी, रहाट, बांगडो, समई, खळं. महिनाभर सकाळी दात घासताना पुटपुटत होतो.

पुढे मोहोरावर फवारणीच्या धांदलीत आठ दिवस फोन पडून राहिला. उघडायला गेलो तर तिरफळाच्या पुढे अंधार. घामाघूम होऊन पडवीत बसलो.

आई माजघरातून म्हणाली, "तो श्लोक इसारलंस काय रे? माका पाठ झालो. मी रोज दिव्याकडे म्हणतंय." आणि घडाघडा म्हणून दाखवला. तिच्या मागोमाग मी टाईप केला. उघडेना. पुन्हा म्हणायला लावला. तरी उघडेना.

"आये, सगळो बरोबर म्हटलंस मां?"

"म्हटलंय तर. फकत बांगड्याच्या जागी नारळ घातलंय. देवाफुडे बांगडो कसो म्हणा?"