उलटा आलूबोंडा

घरच्यांना एप्रिल फूल करायचं तर विकतची वस्तू आणू नका. स्वतः ओव्हनपुढे उभे राहा. एप्रिलात नागपूरचा पारा चाळिशीकडे निघालेला असतो, त्यात 180 अंशांचा ओव्हन लावायचा म्हणजे घाम कोणाचा निघतो आणि फजिती कोणाची होते, हा हिशेब तूर्त मांडू नका.

सुरुवात सोप्यापासून. तपकिरी कागदातून इंग्रजी 'ई' कापा, डब्यात भरा आणि 'ब्राऊनी घ्या' म्हणत डबा पुढे करा. ब्राऊन ई, म्हणून ब्राऊनी. आमच्या आजीनं एक ई उचलून उजेडात धरला. "पोट्ट्याच्या शाळेचं हाय का रे हे?" तिला विनोद समजावायला मला वीस मिनिटं लागली. तुम्ही अर्धा तास धरून चला.

मग कांदा. काडी खोचायची आणि साखर 170 अंशांपर्यंत तापवून केलेल्या कॅरमेलमध्ये बुडवायचा, की सफरचंद समजून लोक चावतात म्हणे. आता इतवारीतल्या आमच्या घरात कॅरमेलचं सफरचंद कोणी बापजन्मी पाहिलेलं नाही. फसायला आधी खरी वस्तू माहीत असावी लागते, ही अट व्हिडिओत कोणी सांगत नाही. काकांनी कांदा कांदाच म्हणून ओळखला आणि जेवताना वाढायला सांगितला.

केकमध्ये मिरची भरायचा विचार तर सोडूनच द्या. सावजीवर वाढलेली माणसं आहेत, वरून लिंबू मागतील.

हुकमी प्रकार कपकेकचा. बेसन, आंबट दही, हिरवी मिरची, भरपूर लसूण, चिमूटभर खायचा सोडा. साच्यांत ओतून वीस मिनिटं भाजा. वर क्रीम म्हणून उकडलेला आलू. गाठ राहता कामा नये, म्हणून चाळणीतून दोनदा घासा, बिटाच्या रसानं गुलाबी करा आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून गोल गोल शिखर काढा. वर रंगीत बडीशेप. खरं लोण्याचं क्रीम 32 ते 35 अंशांतच पाघळतं, आलू मात्र दुपारभर ताठ उभा राहतो. खोट्याची ही मजबुतीच घात करते. बाबांनी ताटलीभोवती एक चक्कर मारली. "एवढ्या उन्हात क्रीम ढळलं काहून नाही बे?"

तरी त्यांनी घास घेतला. मी मोबाईल रोखून तयार. ते चावत राहिले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आलूबोंडा हाय. उलटा केला फक्त. तर्री कुठंय?"

बाराच्या बारा कपकेक तर्रीत बुडाले. चण्याची ती तर्री करायलाही मलाच उठावं लागलं, हे व्हिडिओत आलेलं नाही.

यंदा मी शहाणा झालो. 1 एप्रिलला संत्र्याची साल किसून घातलेला साधा, सरळ, गोड केक केला. आजीनं आधी सुईनं टोचून पाहिला. काकांनी हुंगला. बाबांनी एक घास खाल्ला, उरलेला तुकडा बोटांनी उकलून आत बघितलं आणि नाराजीनं विचारलं,

"आलू टाकला नाही काय?"