हेलिकॉप्टर बोलवायचं कुणी?

आमच्या गावावरून दोन आवाज जातात. मायरिंगनच्या लष्करी विमानतळावरून एफ-१८ विमानं उडाली की ब्रिएन्झ तळ्याकाठच्या घरांची तावदानं थरथरतात आणि शेजारच्या आजी कपाळाला आठ्या घालतात. दुसरा आवाज विल्डर्सविलच्या तळावरून सुटलेल्या लाल-पांढऱ्या हेलिकॉप्टरचा. त्याला आठ्या नाहीत. आजी हातातलं काम थांबवून ते कुठल्या डोंगराकडे वळतंय ते बघतात, आणि पुन्हा कामाला लागतात.

मी सांगलीची. स्वित्झर्लंडमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, पण आषाढ लागला की माझं निम्मं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीकडे असतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक वाद ठरलेला: हेलिकॉप्टर का आलं नाही, उशिरा का आलं, मंत्र्यांना मिळतं मग आम्हाला का नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तर पावसाळा नसतानाही तो पेटला. आधीच्या आपत्तींपासून जुलै २०२४ मधल्या वायनाडच्या दरडीपर्यंत हवाई दलाने केलेल्या उड्डाणांपोटी केंद्राने केरळकडे १३२ कोटी ६२ लाख रुपये मागितल्याची ती बातमी. जुनी बिलं नेमकी आत्ताच कशी आठवली, असं केरळ उच्च न्यायालयानेही विचारलं.

दादा खवळला. "जवान जीव धोक्यात घालतात आणि दिल्लीवाले मीटर टाकतात!" कोषागारातून निवृत्त झालेल्या काकांनी शांतपणे लिहिलं, "बिल पूर्वीपासून लागतंच. इंधन काही आभाळातून पडत नाही." मी काकांच्या बाजूने आहे. आपत्तीत सैन्यदलांची मदत घेतली की खर्च राज्याच्या नावावर चढतो, आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत संरक्षण खात्याच्या अशा बिलासाठी जागा ठेवलेली आहे. वायनाडमध्ये माणसं अजून सावरत असताना कागद पुढे करणं निष्ठुर होतं, हे मान्य. पण हिशोब ठेवला, यात गैर काय?

मला खुपतं ते वेगळंच. या सगळ्या भांडणात एक प्रश्न कधीच येत नाही: हेलिकॉप्टर बोलवायचा अधिकार कुणाला आहे?

तीन वर्षांपूर्वी ब्रिएन्झर रोटहॉर्नच्या उतारावर माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा पाय दगडात अडकून मुरगळला. मुरगळला म्हणजे घोट्यातून भलतीकडेच वळला. मी १४१४ हा इथला हवाई सुटकेचा नंबर फिरवला. पलीकडच्या माणसाने चार गोष्टी विचारल्या: कुठे आहात, जखमी किती, हवा कशी आहे आणि आसपास तारा किंवा केबल आहेत का. तारांचं दोनदा विचारलं, कारण या डोंगरांत हेलिकॉप्टरला सर्वांत मोठी भीती त्यांचीच. मग म्हणाला, टोप्या, जाकिटं, काठ्या, सगळं सॅकमध्ये कोंबा. हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर तिरके करून उभ्या राहा, आणि ते टेकेपर्यंत जागचं हलू नका. बारा-तेरा मिनिटांत ते आलं. पात्यांचा वारा असा, की गवत जमिनीला चिकटलं आणि माझा चष्मा गेला तो गेलाच. डॉक्टर उतरली, इंजेक्शन दिलं, स्ट्रेचर आत. मी कोण, मला फोन करायला कुणी सांगितलं, कुणाची शिफारस आहे का, हे कुणीही विचारलं नाही.

बिल आलं. काही हजार फ्रँक. नोकरीसोबत येणाऱ्या अपघात विम्याने ते भरलं. विमा हात वर करतो तिथे ही सेवा चालवणारी रेगा नावाची संस्था आपल्या देणगीदारांचं बिल माफ करू शकते. वर्षाला माणशी ४० फ्रँक, आणि असे देणगीदार ३५ लाखांहून जास्त. देशाची लोकसंख्या नव्वद लाख. नव्वद लाखांत पस्तीस लाख वर्गणीदार म्हणजे सांगलीच्या कुठल्याही गणपती मंडळाने हेवा करावा!

आता दादाचं उत्तर मला पाठ आहे. "तिकडे बसून बोलायला काय जातंय? तो देश केवढा, पैसा केवढा." खरं आहे. स्वित्झर्लंड ४१ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्र ३ लाख ७ हजार. रेगाचे डझनभराहून जास्त तळ आहेत. नुसत्या भागाकाराने महाराष्ट्राला नव्वद-शंभर लागतील. तशी मागणी करणं म्हणजे हसं करून घेणं. आणि पुरात हेलिकॉप्टरच्या आधी बोट लागते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटून माणसं बुडाली. तिथे हवी होती जास्तीची बोट आणि अंगावर लाइफ जॅकेट.

पण पैशाच्या पलीकडचंही काही आहे. इथली हवाई सुटकाही लष्करी विमानांनीच सुरू झाली. नोव्हेंबर १९४६ मध्ये अमेरिकेचं एक डकोटा विमान आमच्या मागच्या गाउली हिमनदीवर कोसळलं. पाच दिवसांनी स्विस हवाई दलाच्या दोन वैमानिकांनी स्की लावलेली छोटी श्टोर्ख विमानं थेट बर्फावर उतरवली आणि बाराच्या बारा जणांना खाली आणलं. लोकांनी डोक्यावर घेतलं त्यांना. पण मग देश तिथेच थांबला नाही. १९५२ मध्ये हवाई सुटकेची नागरी संस्था उभी राहिली, पुढे पैसे संपले तेव्हा तिने सरकारऐवजी लोकांपुढे हात पसरला. लष्कर आपल्या कामाला मोकळं राहिलं.

किती मोकळं, त्याचीही गंमत आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये इथिओपियाचं अपहृत विमान भल्या पहाटे जिनिव्हाला उतरलं, तेव्हा सोबतीला इटलीची आणि फ्रान्सची लढाऊ विमानं होती. स्विस विमानं उडालीच नाहीत, कारण हवाई दल तेव्हा ऑफिसच्या वेळेतच उडायचं, आणि ती वेळ अजून सुरू व्हायची होती! इथे सगळं घड्याळासारखं चालतं म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा नेहमी ऐकवते. लढाऊ विमान सुट्टीवर असलं तरी चाललं, घोटा मोडलेल्या बाईसाठीचं हेलिकॉप्टर मात्र रात्रभर जागं. आता लढाऊ विमानंही चोवीस तास सज्ज असतात, पण आधी कुणाला जागं ठेवलं तो क्रम बघा.

आपल्याकडे १९४६ चा तो टप्पाच अजून चालू आहे. २५ जून २०१३ ला केदारनाथच्या कामात गौरीकुंडजवळ हवाई दलाचं एमआय-१७ पडलं आणि वीस जण गेले. दुसऱ्या दिवशी बाकीची हेलिकॉप्टरं पुन्हा त्याच दरीत शिरली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा त्या समुद्रातून नौदलाने १८६ माणसं वर काढली. ही कामं त्यांनीच करावीत, दुसऱ्या कुणाला जमणारही नाहीत. पण या शौर्याच्या व्हिडिओंनी आपल्याला एक वाईट सवय लावली. हेलिकॉप्टर म्हणजे संकट शिगेला पोचल्यावर आभाळातून येणारा देव, असं आपण मानून बसलो. एकट्यादुकट्यासाठी देव येत नाही. तो यायला आधी आपत्ती लागते, मग तहसील, जिल्हाधिकारी, मंत्रालयातला कक्ष, तिथून सैन्यदलांना पत्र. भामरागडात झटका आलेल्या म्हाताऱ्यासाठी किंवा कोकणकड्याखाली पडलेल्या पोरासाठी ही साखळी कुठून हलायची? कड्याखाली आजही गिर्यारोहकच धावतात, स्वतःचे दोर घेऊन, रजा टाकून.

यंत्र आपल्याला नवं नाही, हे तर आणखी बोचतं. आल्प्समध्ये वर्षानुवर्षं सुटकेची कामं केलेलं 'लामा' हेलिकॉप्टर फ्रेंचांनी मुळात भारतीय सैन्याच्या हिमालयातल्या गरजेसाठी बनवलं. आपण त्यालाच चीता म्हणतो. आपल्यासाठी घडलेल्या यंत्राने इथल्या लोकांनी आपापले गिर्यारोहक उतरवले.

सुरुवात झालीय, नाही असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋषिकेशच्या एम्सने हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू केली. मे २०२५ मध्ये ते हेलिकॉप्टर केदारनाथला आदळलं. आतले तिघेही वाचले. ग्रुपवर लगेच "बघा, झेपत नाही आपल्याला" सुरू झालं. पण १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली, तेव्हाही हेच म्हणत होते. आज आत्या चक्कर आली तरी १०८ लावते, जिल्हाधिकाऱ्यांना नाही विचारत. त्याच १०८ च्या टेबलावर बसलेल्या डॉक्टरला "इथे गाडी पोचणार नाही, हेलिकॉप्टर पाठवा" म्हणायचा अधिकार द्या. सुरुवातीला राज्यात दोनच असोत, दिवसाच उडोत. वर्गणी काढायची असेल तर पहिले पैसे माझे.

गेल्या उन्हाळ्यात आई इथे आली होती. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती आणि शेजारच्या दोघी गच्चीवर दीड दिवस होत्या. तेव्हा एक हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं. कुठल्या तरी जास्त अडलेल्या गावाला चाललं असेल. तळ्याकाठी फिरताना लाल-पांढरं हेलिकॉप्टर कमी उंचीवरून गेलं आणि आईने हौसेने दोन्ही हात वर करून त्याला टाटा केला. मी घाईघाईने तिचा एक हात खाली ओढला.

"अगं, काय झालं?"

"दोन्ही हात वर केले की ते उतरतं, आई. मदत हवी असा त्याचा अर्थ."

आई हेलिकॉप्टर डोंगराआड जाईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "आम्ही गच्चीवर दोन्हीच केले होते."