तीनशे वॅटचे स्पीकर, तरी बेस कमी का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की वॅटच्या आकड्यामागे धावू नका हा माझा सल्ला चुकीचा आणि स्पीकर बसवताना गाडीच्या दाराची भोकं बुजवायला सांगणं म्हणजे उगाच खर्चात पाडणं. शिवाय तुम्ही ३०० वॅटचे स्पीकर बसवले, तरी बेस, म्हणजे खालचे घुमणारे सूर, जुन्यांपेक्षा कमीच. म्हणजे स्पीकरच भंगार.

मला ते भंगार वाटत नाहीत. आणि दोन्ही सल्ल्यांवर मी ठाम आहे.

खोक्यावरचे ३०० वॅट ही पीक पॉवर, म्हणजे क्षणभर झेपणारी. स्पीकर वॅट देत नाही, घेतो. देतो तो स्टिरिओ, आणि त्यावर ‘५० x ४’ छापलेलं असलं तरी आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी पॉवर, साधारण १५ ते २० वॅटच असते. एवढ्या पॉवरवर कोण मोठ्याने वाजेल, हे सेन्सिटिव्हिटीवर ठरतं, म्हणजे ठरावीक पॉवरवर स्पीकर किती डेसिबल (डीबी) आवाज काढतो यावर. ९० डीबीच्या स्पीकरइतका आवाज काढायला ८७ डीबीवाल्याला दुप्पट पॉवर लागते. ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, तोही बघा. काही गाड्यांत मूळ स्पीकर २ ओहमचे असतात. तिथे ४ ओहमचे लावले की पॉवर जवळजवळ निम्मी होते.

आता बेस. आधी फुकटातली तपासणी करा. स्टिरिओचा डावा-उजवा बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग उजवीकडे, मग मधोमध. एकेका बाजूला बेस चांगला आणि मध्ये आणल्यावर पोकळ वाटला, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेत. एका स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि बेस तिथेच मरतो. खात्रीसाठी स्पीकरच्या वायरी सोडवून १.५ व्होल्टचा सेल प्लसला प्लस असा क्षणभर टेकवा. कोन बाहेर उसळला पाहिजे.

वायरिंग बरोबर असेल, तर शंका दाराची. मूळ स्पीकर बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या चौकटीसकट दारात घट्ट बसतो. नवा गोल स्पीकर स्पेसरवर (दार आणि स्पीकरमधल्या कड्यावर) बसवताना कडेला फट राहते. कोनच्या मागचा आवाज पुढच्याच्या उलट असतो. तो फटीतून पुढे आला की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बेसचं गाणं लावून स्पेसरच्या कडेने ओला तळवा फिरवा, जिथे वारा लागेल तिथे गळती. म्हणून फट बुजवणारी फोमची पट्टी (गॅस्केट) आधी लावा, आतल्या पत्र्याची मोठी भोकं नंतर बुजवा. अख्खं दार डॅम्पिंग शीटने (पत्र्याची थरथर कमी करणाऱ्या चिकट शीटने) मढवा असं माझं म्हणणं नाही; बाहेरच्या पत्र्याच्या मधल्या भागाला काही तुकडे पुरतात. फक्त दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रं बुजवू नका. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

आणि दाराचं आतलं पॅड परत लावण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, स्पीकरच्या मागच्या मॅग्नेटला घासत तर नाही ना.

एवढं करूनही बेस पोकळच राहिला, तर स्टिरिओ आणि स्पीकर दोन्हींचं मॉडेल इथे लिहा, आकडे जुळवून बघतो.