एक जूनची माणसं

माझ्या आईची जन्मतारीख ब्रिटिश सरकारला हवी होती. खरं म्हणजे ती आम्हालाही हवीच होती, पण इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. लीड्सच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आणि ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी स्पॉन्सरही करतो म्हणाली. आण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ३४ वर्षं लोकांचे अर्ज ‘त्रुटी’ असा शेरा मारून परत पाठवलेला माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रकरण ताब्यात घेतलं.

“किती मार्कांना पास?”

“७० गुण लागतात. स्पॉन्सरचे २०, कामाचे २०, इंग्रजीचे १०, पगाराचे २०.”

“म्हणजे ७० पैकी ७०? ३५ टक्क्यांचं पासिंग नाही?” त्यांचा इंग्रजांवरचा विश्वास तिथेच डळमळला.

पगाराच्या २० गुणांनीच आधी घोळ घातला. ४ एप्रिल २०२४ला किमान पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० झाली. आदल्या रात्री मी कुशल कामगार म्हणून झोपले आणि सकाळी अकुशल होऊन उठले. कंपनीने महिनाभर विचार केला आणि पगार वाढवला. माझ्या कामाकडे बघून कुणी एवढी वाढ दिली नव्हती. ती दिली ब्रिटिश गृहखात्याच्या भीतीने.

मग स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट आलं. आलं म्हणजे ईमेलमध्ये एक नंबर आला.

“लॅमिनेट करून घे,” आण्णा म्हणाले.

“कागद नसतो आण्णा. नुसता नंबर असतो.”

“आणि फायलीला काय लावणार?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा, एवढंच मला ठाऊक होतं. आण्णांनी तो नंबर वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली तारीख टाकली, सही केली. आता ते सर्टिफिकेट झालं.

अर्ज भरताना आईवडिलांच्या जन्मतारखांचा रकाना आला आणि मी आईला फोन केला.

“तुझी जन्मतारीख काय गं?”

“आधारवर बघ की.”

“तिथे १ जून आहे.”

“मग तीच.”

“आण्णांचीही १ जून आहे. मोठ्या काकांची १ जून, आत्याची १ जून.”

“गुरुजींनी घातली असेल.”

“पण तुझी शाळा वेगळ्या गावची!”

“गुरुजी काय, सगळीकडे सारखेच.”

जूनमध्ये शाळा भरायची. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं झालं, लिहा १ जून. अशा हिशेबाने अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्माला आलाय. हे लंडनमधल्या साहेबाला कोण समजावणार? नवराबायकोची एकच तारीख बघून त्याला हे भाऊबहीण वाटले तर?

“बरं, खरी कधीची?” मी विचारलं.

“भुईमुगाची काढणी चालली होती तेव्हा झाले. आई रानातनंच घरी आली होती.”

त्या रकान्यात फक्त आकडे बसत होते.

मध्ये व्हिसासाठी लागणाऱ्या क्षयाच्या तपासणीला गेले, तेव्हा नेमका पुण्यातल्या धुळीचा खोकला लागला होता. मान्यताप्राप्त दवाखान्याच्या बाकावर मी तासभर खोकला गिळत बसले. एक्स-रे स्वच्छ निघाला. सर्टिफिकेट सहा महिने चालतं, खोकला पंधरा दिवसांत गेला.

अर्जाच्या शेवटच्या पानांच्या वेळी मात्र मला आण्णा फोनवर हवेच होते. मी वाचायला लागले, “युद्धाच्या किंवा शांततेच्या काळात तुम्ही युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा नरसंहार यात...”

“निरंक लिही.”

“हो किंवा नाही, एवढंच आहे.”

“निरंक नाही? कसली कचेरी ही!”

पुढचा प्रश्न असा, की तुम्ही चांगल्या चारित्र्याची व्यक्ती नाही असं वाटावं, असं आणखी काही केलंय का? आण्णा गप्प झाले. मागून आईचा आवाज आला, “ते प्रगतीपुस्तकावर सही केलेलं सांगायचं का?”

मी ‘नाही’वर टिचकी मारली. सातवीतली गोष्ट होती ती, आणि सही आण्णांचीच होती.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. तीन वर्षांचे ३,१०५ एकदम, आणि व्हिसाची फी वेगळी. आण्णांनी मनात रुपये केले आणि म्हणाले, “एवढ्या पैशात आजारी पडायलाच पाहिजे तुला.”

तीन आठवड्यांनी व्हिसा आला. पुढच्या वर्षी १ जूनला मी लीड्सहून घरी फोन केला. परक्या सरकारला एवढं छातीठोक सांगितल्यावर शुभेच्छा न देणं बरं दिसलं नसतं. आण्णांनी त्या पोच दिल्यासारख्या स्वीकारल्या. मग आईला दिला फोन.

“वाढदिवसाच्या शुभेच्छा!”

“कुणाच्या?”

“तुझ्या. सरकारी.”

“बरं,” आई म्हणाली. “भुईमूग निघाला की परत कर.”