आडवं मोजा, उभं मोजा

गुणाकारात संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं, हा नियम मुलांकडून पाठ करून घ्यावा असं एका लेखात वाचलं. मला हे अजिबात पटलं नाही. कारण समजायला दोन मिनिटं पुरतात, मग पाठांतर कशाला?

आमच्या परभणीकडं कापूस फुलीवर लावायची पद्धत आहे, म्हणजे झाडं आडवी-उभी दोन्हीकडून सरळ ओळीत येतात नि कोळपं (तण काढायचं अवजार) आडवंही चालतं नि उभंही. समजा 6 तास (म्हणजे ओळी) आहेत आणि प्रत्येक तासात 9 झाडं. तास धरून मोजलं तर 9 सहा वेळा. आता शेजारच्या बांधावर जाऊन उभं राहा, त्याच रानात 6-6 झाडांच्या 9 ओळी दिसतील. एकही झाड जागचं हललं नाही, मग 54 चे 55 होतील कसे? संख्या कितीही मोठ्या घ्या, हाच विचार चालतो. लांबी-रुंदी अपूर्णांकात असली तरी रानाचं क्षेत्रफळ आपण कुठल्या बांधावर उभे आहोत त्यावरून बदलत नाही.

मात्र रोज 3 गोळ्या 5 दिवस आणि रोज 5 गोळ्या 3 दिवस, यांत गोळ्या 15च असल्या तरी औषधोपचार एक नव्हे. एकूण सारखं राहतं, अर्थ सारखा राहत नाही. शिक्षकांनी हे आवर्जून सांगावं.

पाढ्यांचं ओझंही उतरतं. 1 ते 10 च्या पाढ्यांत 100 गुणाकार आहेत, उलटसुलट जोड्या ओळखल्या की 55च उरतात. ‘सात आठे छप्पन्न’ येणाऱ्या लेकराला ‘आठ साते’साठी पुन्हा घोकायला बसवू नका. त्यापेक्षा भागाकारात अशी अदलाबदल का चालत नाही, हे त्याला विचारा.