इंग्रजीतला कष्टकऱ्यांचा घास

इंग्रजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही साहेब, कोट-टाय आणि काटे-चमचे येतात. ती येत नाही तो मागासलेला, हे आपण पोरांच्या डोक्यात पहिलीपासून भरवतो. मला याचा मनापासून राग येतो. या भाषेचा केवढा तरी संसार शेतमजुरांनी आणि खाणकामगारांनी उभा केलाय. पटत नसेल तर तिच्यातले तुकड्या-घासाचे जुने शब्द बघा.

आज ऑफिसात 'लंचला भेटू' म्हणताना केवढा रुबाब असतो! सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'लंच' म्हणजे पावाचा नाहीतर चीजचा जाडजूड तुकडा, एवढंच. 'सॉप' म्हणजे रश्शात किंवा वाइनमध्ये बुडवून मऊ केलेला पाव. 'सूप' आणि 'सपर', म्हणजे रात्रीचं हलकं जेवण, त्याच्याच गोतावळ्यातले. 'कॉलप' म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा काप. उत्तर इंग्लंडमध्ये लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे, उपास लागायच्या आधीच्या सोमवारला 'कॉलप मंडे' म्हणत, कारण घरात उरलेलं मांस त्या दिवशी अंड्यांबरोबर तळून संपवायचं असे. उष्ट्या-खरकट्यालाही स्वतंत्र शब्द होता, 'ऑर्ट्स'.

पण माझा जीव अडकतो तो कामाच्या मधल्या घासात. एसेक्स-सफकच्या शेतांवर तो 'बेव्हर'. केंब्रिजजवळच्या फेन्स या पाणथळ भागात 'डॉकी'. 'डॉक' म्हणजे मजुरी कापणं; खायला हात थांबले तेवढ्या वेळेची मजुरी कापत म्हणून हे नाव पडलं, असं तिकडे सांगतात. डरहॅमच्या कोळसा खाणीत 'बेट', कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणीत 'क्रिब', नॉटिंगहॅमशरच्या खाणीत 'स्नॅप'. स्नॅपचा पत्र्याचा डबा पावाच्या स्लाइसच्याच आकाराचा. त्याचे दोन भाग एकात एक घट्ट सरकवायचे नि डबा कमरेच्या पट्ट्याला लटकवायचा. आत कोळशाची धूळ जाऊ नये आणि अंधारात उंदरांनी तोंड घालू नये म्हणून ही तजवीज. दर खाणीला, दर शिवाराला आपला वेगळा शब्द!

असे शब्द वेचून ठेवले जोसेफ राइट यांनी. जन्म १८५५चा, यॉर्कशरमधला. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकायचं काम, मग कापडगिरणीत. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे रात्रशाळा केली, पैसे साठवून जर्मनीत हायडलबर्गला जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले. इंग्रजीच्या बोलींचा त्यांचा कोश १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत निघाला. गावंढळ म्हणून हिणवलेली भाषा त्यांनी ऑक्सफर्डच्या टेबलावर मांडली. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आपला 'टिफिन'ही याच पंगतीतला. फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५च्या बाजारू इंग्रजीच्या कोशात 'टिफिंग' म्हणजे जेवणाच्या वेळेखेरीजचं खाणं-पिणं. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी त्याचं टिफिन केलं. इंग्लंडात तो मागे पडला आणि मुंबईत मात्र चक्क डब्याचं नाव होऊन बसला.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बोलीत बोलणाऱ्या पोराला वर्गात गप्प बसवू नका. त्याला राइट यांची गोष्ट सांगा, त्याच्या घरी न्याहारीला, चतकोर भाकरीला, उरल्यासुरल्या अन्नाला काय म्हणतात ते फळ्यावर लिहायला लावा, आणि शेजारी बेव्हर, डॉकी, स्नॅप लिहा. राइट यांचे सहाही खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात.