नदीसाठी एवढं तरी कराच!

पुणेकरहो, मुळा-मुठेची तळमळ तुम्हाला आहेच. नसती तर भर रहदारीत पुलावर गाडी लावून एवढ्या निगुतीने निर्माल्य कोण टाकतं? फक्त पिशवी प्लास्टिकचीच घ्या आणि गाठ घट्ट मारा. आतले हार, नारळ आणि काच तडकलेली देवाची तसबीर भीमेपर्यंत सुखरूप जायला हवी. कठड्याजवळ निर्माल्य कलश असेल तर त्याला गाडी टेकवता येते. टाकून झालं की नमस्कार.

नदीकाठी घर नाही म्हणून हिरमुसू नका. बावधनात राहूनही वाटा उचलता येतो: तुमचं सांडपाणी राम नदीतून पाषाण तलावात आणि पुढे मुळेत आपसूक पोचतं. सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, तपासणीच्या दिवशी चालू ठेवा, एरवी वीजबिल बघा.

जलपर्णीला मात्र जपा. मैलापाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हा तिचा खुराक, आणि आपण तिला कधी उपाशी ठेवलेलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला नदी हिरवीगार झाली, डास घरात शिरले, की ती काढायची कशी यावर बैठक घ्या. ती जगते कशावर, असं विचारणाऱ्याला बोलावू नका. उगीच चहा वाया जातो. काढलेली जलपर्णी काठावरच रचा. ती तिथे कुजते, पहिल्या पावसात खत होऊन नदीत परतते. पुढच्या वर्षीच्या निविदेची सोय नको?

2016 साली जपानी कर्जाचा करार झाला, 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांचा बेत ठरला. अशा कामांत घाई बरी नव्हे. आधी काठ सजवा. बाकं, दिवे, चालायला फरसबंदी. फीत कापायला मैल्याच्या टाकीपेक्षा ती जागा केव्हाही बरी, आणि फोटोला वास येत नाही.

अंघोळीच्या पाण्यात बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत लागतो, असं कुणी ऐकवलं तर शांतपणे सांगा, आम्हाला कुठे तिथे डुबकी मारायचीय? आमचं पिण्याचं पाणी खडकवासल्याहून येतं, शहराच्या वरून. खाली गेलेलं पाणी भीमेतून उजनीत साठतं, आणि ते सोलापूरकरांच्या नळाला येतं.

तेव्हा सोलापूरचे पाहुणे आले तर पाणी विचारत बसू नका. थेट चहा टाका. आपलं पाणी ते घरी पितातच.